दर्यात चिखल कुठला

इंजिन चालू असलं की खाली खणात माणसाची किंकाळी ऐकू येत नाही. त्या दिवशी आली. मी हातातला पाना टाकला आणि शिडी चढून वर डेकवर आलो, तर बोटीचा म्होरक्या पुंडलिक तांडेल स्वतःच्या सख्ख्या भावाच्या, लवूच्या छातीवर गुडघा रोवून बसलेला. खलाशी दावूदने त्याचा पाय घोट्यात आवळून धरला होता, आणि तांडेल डब्यातलं काळं तेल त्याच्या बोटांच्या बेचक्यांत ओतत होता.

"दादा, नको रे. आग होता."

"गप रव. हालू नको. दावूद, धर त्येका नीट."

डब्यात डिंबेल होतं. काजूच्या टरफलांचं तेल. आमच्या बाजूला लाकडी बोटीच्या फळ्यांना ते लावतात, म्हणजे लाकूड कुजत नाही, कीड लागत नाही. हातावर थेंब पडला तर दुसऱ्या दिवशी कातडी फुगून वर येते. फळ्यांना लावतानासुद्धा आम्ही हाताला फडकी बांधायचो. आणि हा बाबा ते भावाच्या ओल्या, सोललेल्या बोटांत ओतत होता.

"तांडेलानू, सोडा त्येका," मी म्हणालो. "मारतास काय पोराक?"

पोर कसला, लग्न ठरलेला बाप्या होता लवू. दिवाळीनंतरची तारीख धरली होती. पण तांडेलासमोर तो पोरच असायचा. आई लवूच्या जन्मातच गेली असं सगळे सांगायचे, बाप दर्याने नेला, आणि पुंडलिकने त्याला वाढवलं. वाढवलं म्हणजे खायला घातलं आणि बडवलं. दोन्हीत हात आखडता घेतला नाही.

तांडेल माझ्याकडे न बघता म्हणाला, "लाकूड बारा म्हयने पाण्यात रवता. कुजता? नाय ना? कित्याक? डिंबेलामुळा. मग पाय कशे कुजतले?"

मी वाकून पाय बघितला. करंगळी आणि तिच्या शेजारच्या बोटामध्ये कातडी पांढरीफटक, भिजलेल्या पोह्यांसारखी मऊ. तिचे पापुद्रे निघालेले, खाली लालभडक. वास तर असा की मासेवाल्याने नाक धरावं. मी हा पाय ओळखत होतो. आमची ही घाटाखालच्या भातवाल्या गावची. लग्नानंतरही दर पावसाळ्यात माहेरी लावणीला जायची आणि येताना बोटांच्या बेचक्यांत हेच घेऊन यायची.

"ह्यो चिखल्यो हत, तांडेलानू. आमच्या हिच्या पायाक दर पावसात होतत. पाय सुके ठेवले, मलम लावला की जातत."

तांडेलाने पहिल्यांदा मान वर केली.

"चिखल्यो? दर्यात चिखल खंय असता रे, भिवा?"

दावूद फिस्सकन हसला. आमच्यात चिखल्या म्हणजे शेतकऱ्याचं दुखणं. चिखलात उभं राहणाऱ्याला होतं म्हणून तर तसं नाव. मच्छीमाराला चिखल्या झाल्या असं म्हणणं म्हणजे नारळाच्या झाडाला आंबे लागले म्हणण्यातला प्रकार.

तांडेल उठला. लवूच्या पायात त्याने पुन्हा तेच गमबूट चढवले, ओले, आतून बुळबुळीत.

"खाजता म्हणून परत बोललंस तर दात पाडीन," असं त्याला बजावून तो सुकाणावर गेला.

मला तेव्हाच ते विचित्र वाटलं. दुखतं म्हणू नको, असं नाही म्हणाला. खाजतं म्हणू नको म्हणाला.

बोट त्याचीच होती, 'जलदुर्गा'. आम्ही होतो चौघं. तांडेल, लवू, दावूद आणि इंजिनावर मी. मोबाईल यायच्या आधीची गोष्ट. एकदा बंदर सोडलं की तांडेल सांगेल ती पूर्व. माणूस मासे पकडण्यात एक नंबर, बाकी सगळ्यात आगीचा लोळ. जाळं फाटलं तर थोबाडीत, भात करपला तर लाथ. स्वतः मात्र तक्रार करायचा नाही. उन्हात, पावसात, झोपेतसुद्धा त्याच्या पायांत गमबूट. आम्ही चेष्टा करायचो की तांडेल बूट घालूनच जन्माला आला. सुकाणाच्या खुंटीला त्याने दोरीत ओवून एक मोठं शिंपलं टांगलेलं होतं, कड घासून गुळगुळीत झालेलं. दर्यादेवाचं काहीतरी असेल म्हणून आम्ही त्याला हात लावत नसू.

सकाळी लवूला बूट काढता येईना. पाय आत सुजला होता. मी कात्रीने बूट कापला. बोटांवर काळे-पिवळे फोड, काही फुटलेले. करंगळी निळसर. सूज घोट्याच्या वर गेलेली आणि तिथून एक लाल रेघ पोटरीवर चढत होती. अंग तव्यासारखं तापलेलं.

"भिवादा," लवू हळूच म्हणाला, "पयलो खाजायचो नुसतो. दादान आपले जुने बूट दिले माका, माझे फाटले म्हणान. तेव्हापासना खाजाक लागला. आता दुखता पण. लय दुखता."

"तुझ्या दादाक काय झाला, त्येचे पाय बघलंस कधी?"

"नाय. तो न्हातानासुद्धा दार लावन घेता."

मी सरळ सुकाणावर गेलो. लाल रेघ वर चढली की माणूस जातो, एवढं मला कळत होतं. माझा एक चुलता खिळा लागून असाच गेला होता.

"तांडेलानू, बोट परतवा. बंदरार जावया. लवूचो पाय जायत, नायतर लवू जायत."

"जाळा टाकलेला आसा."

"जाळा कापा."

तेव्हा त्याने मला पहिली मारली. कानाखाली, उघड्या पंजाने. मी केबिनच्या दारावर आपटलो.

"माझी बोट, माझो भाव. मी सांगीन तेव्हाच बोट परततली. आणि परतली तरी ह्येका खंयच्या डाक्टराक दाखवूचा नाय. कळला? पाय घरात बरो होतलो. कोणाक दिसाक नको."

"कोणाक दिसाक नको म्हणजे? पाय आसा, चोरीचो माल न्हय."

त्याचा चेहरा असा झाला की मी मागे सरलो. रागाने लाल झालेला माणूस मी पुष्कळदा बघितलाय. हा पांढरा पडला होता.

उन्हं वर आली तेव्हा उत्तरेकडून एक बोट दिसली, माल भरून बंदराकडे चाललेली. म्हटलं, देवच पावला. लवूला त्यांच्या बोटीवर चढवलं तर दुपारपर्यंत दवाखान्यात. दावूदला मी खूण केली. त्याने लवूला खांद्याला धरून उभं केलं. रात्रभर त्याचं कण्हणं ऐकून दावूदचंही हसू गेलं होतं. मी अंगातला शर्ट काढला आणि डेकच्या टोकाला उभा राहून फडकावायला लागलो. बोट वळली. त्यांचा माणूस पुढे येऊन बघायला लागला. चेहरा दिसण्याइतकी ती जवळ आली, आणि माझ्या तोंडावर काहीतरी फुटलं.

हे पुढचे दोन दात नाहीत ना मला, ते तेव्हाचे. तांडेलाने बांबूची आकडी फिरवून सरळ तोंडावर हाणली होती. मी डेकवर पडलो, तोंडात रक्त आणि दातांचे तुकडे. पडल्या पडल्या बघितलं, तर त्याने लवूला शेंडीला धरून खाली बसवला होता आणि दुसऱ्या हाताने समोरच्या बोटीला हसत हसत हात करत होता. जावा जावा, काय नाय, पोरां मस्करी करतत. ती बोट निघून गेली.

दावूद मध्ये पडला तेव्हा तांडेलाने कंबरेचा कोयता काढला. दोर कापायचा कोयता, रोज धार लावलेला.

"पुढे येशात तर एकेकाक दर्यात टाकीन. भावाक पयलो."

भावाला पहिला. हे ऐकलं आणि माझी तळपायाची आग मस्तकाला गेली. सुकाण त्याच्या हातात होतं, कोयता त्याच्या हातात होता. पण इंजिन माझ्या हातात होतं. मी रांगत रांगत शिडीपाशी गेलो, खाली उतरलो आणि डिझेलचा कॉक बंद केला.

इंजिन खोकलं, धडधडलं, बंद पडलं. मग जे शांत झालं ते फार वाईट होतं. पाणी फळ्यांवर आपटत होतं आणि वर लवू कण्हत होता. मी सगळ्यात मोठा पाना उचलला आणि शिडीच्या बाजूला अंगाने चिकटून उभा राहिलो. मला त्याला ठार मारायचं होतं. हे आज कशाला लपवू? त्या क्षणी तो समोर आला असता तर मी डोकं फोडलं असतं आणि घरी जाऊन जेवलो असतो.

"भिवा, इंजिन चालू कर."

मी पाना दोन्ही हातांत धरला.

"भिवा, खाली इलंय तर जितो सोडूचंय नाय."

"येवा ना. बोट बंदराकडे फिरवशात, तरच इंजिन चालू होयत. नायतर हयंच मरूया चौघांय."

तो आला. पण शिडीवरून उतरणाऱ्या माणसाचं डोकं आधी येत नाही, पाय येतात. काळा गमबूट माझ्या तोंडासमोरच्या पायरीवर टेकला, आणि मी दोन्ही हातांनी पाना घुमवून त्या बुटावर मारला.

तो तसाच खाली कोसळला. कोयता माझ्या दंडाला चाटून गेला, त्याची खूण अजून आहे. मी पुन्हा पाना उचलला, पण खाली आणला नाही. कारण तो ओरडत होता ते मार लागलेल्या माणसासारखं नव्हतं. मी त्याला जाळ्याच्या चरकात हात सापडल्यावर हूं न करता उभा राहिलेला बघितला होता. तो माणूस आता फळ्यांवर वळवळत होता, पाय छातीशी ओढून.

दावूद वरून धावत आला. "हाड मोडला वाटता. बूट काढ त्येचो."

"नको," तांडेल म्हणाला. "दावूद, बूट काढू नको. तुज्या पाया पडतंय."

पुंडलिक तांडेल कोणाच्या पाया पडला नव्हता. देवळातसुद्धा उभ्याने हात जोडायचा. मी दावूदकडे बघितलं, त्याने माझ्याकडे. मग मी तांडेलाचे खांदे दाबून धरले आणि दावूदने बूट ओढला. आतून बुटासोबत कातडीही आली.

काय सांगू तुम्हाला. पाय नव्हताच तो. तळवा आणि कडा काळ्या, जळलेल्या सालीसारख्या, मध्ये मध्ये भेगा आणि त्यांतून रक्त. पांढरा कोंडा घोट्यापर्यंत चढलेला. नखं पिवळी, जाड, चुरा होत चाललेली. बोटांच्या बेचक्यांत मांस उघडं. आणि सगळ्यावर डिंबेलाचा काळा डाग, एकावर एक, वर्षानुवर्षांचा. जे त्याने भावाला एकदा लावलं ते स्वतःला रोज लावत आला होता.

त्याने दोन्ही हातांनी पाय झाकला, जशी बाई छाती झाकते तसा.

"बघलास? झाला समाधान?" तो म्हणाला. "आयेचो रोग. मोठो रोग. आता सांगा गावभर."

आणि मग त्याने सांगितलं ते ऐकायला मी तिथे नसतो तर बरं झालं असतं. त्यांची आई लवूच्या जन्मात मेली नव्हती. लवू अंगावर पीत होता तेव्हा तिच्या पायांची अशीच कातडी निघायला लागली. बाया म्हणाल्या, महारोग. आमच्याकडे तेव्हा त्याचं नावही घेत नसत, मोठा रोग म्हणायचे. एके दिवशी बापाने तिला होडीत बसवलं, खाडीपलीकडच्या खडकांत नेऊन सोडलं. झावळ्यांची खोप घालून दिली. पुंडलिक रोज होडी वल्हवत जायचा, लांबच्या खडकावर भाकरी ठेवायचा आणि परत यायचा. जवळ जायचं नाही अशी शपथ घातलेली. तो मात्र जायचा. मग पावसात खाडी फुगली, होडी घालता येईना, आणि पाणी उतरल्यावर गेला तर आधीची भाकरी खोपीत तशीच होती.

"लवूक ठावूक नाय," तो म्हणाला. "त्येचा लग्न आसा. डाक्टरान नुसता नाव घेतला असता ना, तर पोरीच्या बापान तोंडार थुंकून दिला असता. गावान त्येकाय खाडीपलीकडे नेवन टाकला असता. माझा काय ता मी झाकलंय. त्येचो पाय आजच्या आज जाळलो असतो तर कोणाक दिसलो नसतो."

शिडीच्या वर लवू बसला होता. त्याने सगळं ऐकलं होतं.

डिझेलचा कॉक उघडला आणि इंजिन मारलं. तांडेल एका पायाने शिडी चढला. दुसरा बूटही त्याने स्वतःच काढला आणि अनवाणी सुकाणावर उभा राहिला. जाळं दावूदने कापून टाकलं. बंदर येईपर्यंत लवू तापात बडबडत होता.

तालुक्याच्या दवाखान्यात डॉक्टरीणबाई होत्या. बारीक चणीच्या, चष्मा लावलेल्या, पण आवाज असा की वॉर्डबॉय पळतच यायचा. त्यांनी लवूचा पाय बघितला आणि त्याला लगेच आत नेला. जाता जाता विचारलं, "याला काय लावलंत? ॲसिड?"

"डिंबेल," दावूद म्हणाला.

बाईंनी नुसतं बघितलं. शिवी दिली असती तर बरं वाटलं असतं.

बऱ्याच वेळाने त्या बाहेर आल्या. करंगळी आणि शेजारचं बोट काढावं लागलं, पाय वाचला, ताप उतरेल. मग त्यांची नजर तांडेलाच्या अनवाणी पायांवर गेली. त्याने ते बाकाखाली ओढले.

"पुढे घ्या. पुढे घ्या, मी खात नाही तुम्हाला."

त्या त्याच्यासमोर स्टूल ओढून बसल्या आणि त्याचा पाय सरळ आपल्या मांडीवर घेतला. तांडेल पाय ओढायला गेला, त्यांनी सोडला नाही. बाईंनी आधी पान्याचा मार बसलेली जागा चाचपून हाड शाबूत असल्याचं सांगितलं, मग कापसाचा बोळा फिरवला, मग टाचणीचं टोक हळूच लावलं. डोळे मिटायला सांगून, इथे लागलं का, इथे लागलं का, असं विचारत गेल्या. त्याला सगळीकडे लागत होतं. मग पात्याने थोडी कातडी खरवडून काचेवर घेतली आणि तपासायला आत पाठवली.

"खाज सुटते का?"

तांडेलाने जीभ चावली. हा प्रश्न त्याने आयुष्यभर चुकवला होता.

"खरं सांगा. खाजतं का?"

"खाजता," तो म्हणाला. "झोपाक देना नाय. वाटता पाय कापून टाकूचो."

"किती वर्षं?"

"लग्नाआधीपासना."

बाईंनी पाय खाली ठेवला. "हा महारोग नाही."

"बाईनू, तुमका नाय कळूचा. आमच्या घरात आसा तो."

"महारोगाचा चट्टा खाजत नाही. उलट तिथे काही कळतच नाही, टाचणी टोचली तरी. तुम्हाला तर सगळं कळतंय. आणि असता तरी घाबरायचं काय होतं? तो आता गोळ्यांनी बरा होतो, फुकट मिळतात. हे बुरशीचं दुखणं आहे. चिखल्या म्हणतात ना तुमच्याकडे, त्याच. वाढलेल्या, आणि जाळून जाळून वाट लावलेल्या."

तांडेल माझ्याकडे वळला. मला वाटलं आता उठून मारतोय. पण त्याने मला नाही, बाईंनाच विचारलं, अगदी हळू, खरंच माहीत नसलेल्या माणसासारखं.

"दर्यात चिखल खंय असता, बाईनू?"

बाईंनी त्याचा बूट उचलला. दावूदने तो बरोबर आणला होता, का ते त्यालाच ठाऊक. त्यांनी तो उलटा केला. आतून करड्या रंगाचं पाणी फरशीवर सांडलं.

"हा काय. बुटात घेऊन फिरताय. दिवसभर ओला, बंद, गरम. बुरशीला आणखी काय पाहिजे? तुमचा बूट भावाने घातला, त्यालाही झालं. पाय साबणाने धुवायचे, बोटांच्या मधली जागा कोरडी पुसायची, मलम लावायचं. खाज गेली म्हणून लगेच थांबवायचं नाही. नखांसाठी गोळ्या देते, त्या काही महिने घ्याव्या लागतील. बूट उन्हात उलटे टांगायचे आणि एकाचा दुसऱ्याने घालायचा नाही. एवढंच. एका मलमाच्या ट्यूबचं काम होतं हो."

त्या उठल्या, कागदावर औषधं लिहायला लागल्या. तांडेल बसूनच होता. मग म्हणाला, "बाईनू, महारोगाक खाज नसता?"

"नसते. सांगितलं ना."

"नक्की?"

"नक्की."

"माझ्या आयेचे पाय खाजायचे," तांडेल म्हणाला. "मीच शिंपल्यान तिचे पाय खाजवलंय. रोज. खाडीपलीकडे गेलंय तरी ती पयला तेच सांगायची, बाबा, जरा खाजव रे. मासे धुवची ती. अख्खो दिस पाण्यात उभी."

बाईंचं पेन थांबलं.

तांडेल उठला, भिंतीपाशी गेला आणि कपाळ भिंतीवर आपटायला लागला. आवाज न करता, एका लयीत, जसा खुंटा ठोकतात. चुन्यावर रक्त उमटलं. मी आणि दावूद, ज्यांना त्याने सकाळी दर्यात टाकायला काढलं होतं, आम्ही त्याला दोन्ही बाजूंनी कवेत धरलं आणि तो थांबेपर्यंत सोडला नाही. माझ्या दंडाची जखम पुन्हा फुटली, त्याचं रक्त आणि माझं रक्त एकाच शर्टाला लागलं. मला त्याचा राग यायला पाहिजे होता. आला नाही. रडू आलं.

दुसऱ्या दिवशी दुपारी लवू शुद्धीवर आला. तांडेल खाटेच्या पायथ्याशी जमिनीवर बसला होता. कपाळाला पट्टी, पायांना पांढरं मलम, पाय उघडे, पंख्याच्या वाऱ्यात. बोटीवरून येताना त्याने ते खुंटीचं शिंपलं खिशात टाकलं होतं, ते हातात धरून बसला होता.

लवूने डोळे उघडले. भावाला बघितलं आणि अंग आक्रसून घेतलं, मार चुकवायची सवय जुनी. मग घाबरत घाबरत म्हणाला, "दादा, रागावू नको हां. खाजता रे."

"खंय खाजता?"

"करंगळेक."

तांडेलाने चादरीकडे बघितलं. पट्टी बांधलेला पाय, आणि पट्टी संपते तिथे काहीच नाही. लवूला अजून कोणी सांगितलं नव्हतं. मी तोंड उघडणार होतो, पण तांडेलाने माझ्याकडे बघून नुसती मान हलवली.

मग तो पुढे सरकला आणि जिथे लवूची करंगळी असायला पाहिजे होती, तिथल्या रिकाम्या चादरीवर ते शिंपलं हळूहळू फिरवायला लागला.

"हयं?" तो विचारत होता. "हयं खाजता, बाबा?"